चौदाचे सतरा

आमच्या सोसायटीत गाडीची पत चाकांवरून ठरते. कुठलं मॉडेल, पेट्रोल की सीएनजी, हप्ते फिटले की नाही, या चौकशा नंतरच्या. आधी माणूस वाकून रिमकडे बघतो आणि मग मालकाकडे कोणत्या नजरेने बघायचं ते ठरवतो. माझी 2018 ची स्विफ्ट, मधलं मॉडेल. चौदा इंची लोखंडी रिम, वर प्लॅस्टिकचे व्हीलकप. त्यातला एक सिंहगड रोडवरच्या खड्ड्याने ठेवून घेतला. उरलेले तीन मी काळ्या केबल टायने बांधून ठेवले होते. शेजारच्या पार्किंगमध्ये सोळा इंची डायमंड कट, त्याच्या पलीकडे अठरा इंची काळेकुळकुळीत आलॉय, आणि मध्ये माझी गाडी, तीन पायांत पैंजण आणि चौथा मोकळा अशी.

"साहेब, तेवढी चाकं बदला," एक दिवस वॉचमन म्हणाला. "गेटवर गाडी आली की वाटतं टुरिस्टची आहे. एंट्री लिहायला जातो, बघतो तर तुम्ही!"

यानंतर माणसाने काय करायचं? चाकं बदलायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे काय, तर टायरवर काय छापलंय ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. 165/80 R14 85T. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांमध्ये, तिसरा इंचात. रुंदी 165 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के आणि रिम 14 इंच. एका ओळीत तीन हिशेब मांडणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाने काही विचारू नये असंच वाटत असणार. त्यातल्या R चा अर्थ रेडियस, यावर सोसायटीत एकमत होतं, आणि आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरूनही एकमत होत नाही. तो निघाला रेडियल. मिशलिन कंपनीने 1946 साली पेटंट घेतलेली टायरची बांधणी. रेडियस असता तर माझ्या स्विफ्टचं रिम 28 इंचांचं झालं असतं आणि सासूबाईंना शिडी लावून गाडीत बसवावं लागलं असतं.

शेवटचे 85T म्हणजे काय, तर एका टायरने 515 किलो वजन पेलायचं आणि ताशी 190 किलोमीटर वेग सोसायचा. सिंहगड रोडवर! तिथे संध्याकाळी सहा वाजता T हे अक्षर टायरवर उगाचच बसलेलं असतं.

चाकं बदलायची आहेत ही बातमी फुटली आणि सल्लागार जमले. लग्न, आजारपण आणि गाडी या तीन गोष्टींत मराठी माणूस न विचारता धावून येतो. पहिल्या मजल्यावरचे काका बँकेत ऑडिटला होते. ते टॉर्च घेऊनच खाली आले. "मापाचं नंतर बघू, आधी वय," म्हणत टायरपाशी उकिडवे बसले. टायरवर DOT अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे. 2321 असेल तर 2021 सालचा 23 वा आठवडा. काकांनी माझ्या चारही टायरांची वयं काढली, मग उत्साहाच्या भरात शेजारच्यांचीही काढली. अठरा इंची आलॉयवाल्याचे टायर सात वर्षांचे निघाले, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जुन्या ऑडिटचं तेज आलं.

"माणसांची वयं अशी छापत नाहीत ते बरं," बायको म्हणाली आणि काकूंकडे न बघता वर गेली.

दुसऱ्या मजल्यावरचे वकील. त्यांनी कायद्याची बाजू मांडली. "मोटार वाहन कायदा, कलम 52. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलंय. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी टायर मोजेल, मग तुम्हाला बघायला येईल." एवढं बोलून ते आपल्या गाडीत बसले आणि दिसेनासे झाले. गाडी तिथेच होती. काचा इतक्या काळ्या होत्या की आतले वकील दिसेनात.

ऑफिसातला सहकारी मात्र एका शब्दाचा धनी. "अपसाइज." जेवताना, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये प्रोजेक्टर चालू होईपर्यंत, त्याचं एकच. "अपसाइज कर. गाडी भरलेली दिसली पाहिजे." का दिसली पाहिजे, ते तो सांगत नाही. खरं तर मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. भरलेली दिसावी हे कुणाला नको असतं?

शेवटी दुकान गाठलं. भिंतीवर छतापर्यंत रिम टांगलेली, खाली स्टुलावर शेठ, आणि एका कोपऱ्यात बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक गरगर फिरतंय.

"गाडी कुठली?"

"स्विफ्ट."

"सतरा टाका."

"कंपनीची चौदा आहेत."

"म्हणून तर सतरा टाका."

"घासणार नाही ना?"

"घासलं तर या. लायनर कापून देऊ. फ्री."

गाडी कापून चाक बसवायचं, ही कल्पना मला नवी होती. शेठला नव्हती. मी घरून वाचून आलो होतो, म्हणून विचारलं, "आणि पीसीडी?"

शेठ किंचित दुखावला. ही अक्षरं गिऱ्हाइकाने उच्चारायची नसतात. चाकाचे चार बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात, त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्टचा 100 मिलिमीटर. काही गाड्यांचा 108, काहींचा 114.3. हे पॉइंट तीन कुठून आलं म्हणून मी डोकं खाजवलं होतं, तर साडेचार इंचांचे मिलिमीटर केले की 114.3 होतात. इथे अर्धा मिलिमीटरही इकडचा तिकडे चालत नाही. 100 च्या हबवर 108 चं चाक बसत नाही म्हणजे नाही. ते "जरा ओढून" बसवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे गिऱ्हाईकही आहेत. त्या दोघांना चाक स्वतःच, रस्त्यात, समजावून सांगतं.

शेठने एक रिम उतरवून माझ्या पुढ्यात उभं केलं. "मोजा. आठ भोकं आहेत. मल्टी आहे. चार नाही बसली तर दुसरी चार बसतील."

"आणि ऑफसेट?"

"साहेब," शेठ उभा राहिला, "तुम्ही घेणार आहात की परीक्षा घेणार आहात?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती बाहेरच्या अंगाला आहे ते माप. 45 चं काढून 20 चं लावलं, तर चाक 25 मिलिमीटर बाहेर येतं. बाहेर आलं की मडगार्डला घासतं, आत गेलं की सस्पेन्शनला घासतं. मधली जागा बोटभर. त्या बोटभर जागेत गाडीचं सगळं शहाणपण असतं आणि आपला सगळा हौसेचा कारभार त्याच जागेवर चालून जातो.

याच सुमारास मेहुण्याचा फोन आला. "दाजी, विकत कशाला घेताय? माझी सतराची पडलीयेत माळ्यावर. टायरसकट. 205/50. जुनी गाडी विकली तेव्हा काढून ठेवली होती. लावून बघा, आवडली तर ठेवा."

मेहुण्याने फुकट दिलेली वस्तू नाकारण्याची सोय आपल्या कुटुंबव्यवस्थेत नाही. तरी मी मुलाला वहीत हिशेब करायला बसवलं. माझ्या चौदाचा हिशेब सोपा: 165 चे 80 टक्के 132, वरची आणि खालची भिंत मिळून 264, चौदा इंचांचे 355.6, एकूण व्यास 619.6 मिलिमीटर. मेहुण्याचं सतरा: 205 चे निम्मे 102.5, दोन्ही मिळून 205, सतरा इंचांचे 431.8, एकूण 636.8. फरक 17.2 मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन टक्के.

"तीन टक्क्यांच्या आत असलं की चालतं!" मेहुणा विजयाने ओरडला. असा एक ठोकताळा आहे, हे खरं. "वर फायदाच. एवढ्या मोठ्या चाकावर मीटर कमी पळतो. शंभर किलोमीटर गेलात की सव्वासत्त्याण्णव दाखवणार. विकताना गाडी कमी चाललेली!"

"आणि काटाही कमी दाखवणार," मुलगा वहीतून वर न बघता म्हणाला. "म्हणजे एक्स्प्रेस वेवर काट्यावर शंभर दिसेल तेव्हा बाबांची पावती फाटेल."

हिशेब व्यासाचा झाला. रुंदीचा आणि ऑफसेटचा राहिला. तो पुढे रस्त्याने करून घेतला.

चाकं चढली. गाडी बघून मुलगा म्हणाला, "छान," आणि बायको काहीच म्हणाली नाही, यावरून काय ते समजायला हवं होतं. गणवेश घातलेल्या पोराच्या पायात बापाचे बूट असावेत, तशी ती दिसत होती. पण वॉचमनने सलाम केला! नुसता नाही, उभं राहून. आता माघार शक्य नव्हती.

पहिली फेरी पालीच्या खंडोबाला. कुलदैवताचं दर्शन, म्हणजे गाडीत सगळे: पुढे मेहुणा, कारण चाकं त्याची, मागे बायको, सासूबाई आणि मुलगा. सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकावर मागून आवाज आला. खर्र.

"काय झालं?" सासूबाई.

"काही नाही आई, नवीन आहेत. रुळतील," मेहुणा.

मागे तीन माणसं बसली की गाडी मागून दबते, आणि मडगार्डची कड बाहेर आलेल्या रुंद टायरवर टेकते. त्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक साईडपट्टीवर, पुलाच्या प्रत्येक सांध्यावर खर्र. कात्रजच्या पुढे सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमची गाडी घोरते हो." मेहुण्याने उपाय काढला: खड्डा दिसला की मागच्यांनी उठल्यासारखं करायचं. मागच्या तिघांना खड्डे कुठून दिसणार? तेव्हा खड्डा दिसला की मेहुणा "वर!" असं ओरडायचा आणि मागचे तिघे सीटवरून अधांतरी व्हायचे. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर माणूस आत डोकावून बघत राहिला. सगळे एकदम उठून बसताहेत आणि कुणी काही बोलत नाही, असं कुटुंब त्याने पाहिलं नसावं.

ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागलं. हातातलं घड्याळ खुळखुळ वाजायचं. कारण साधं होतं, आणि ते मेहुण्याला माहीत होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं. स्विफ्टच्या हबचा मधला गोल 54.1 मिलिमीटरचा. मेहुण्याच्या चाकांचं मधलं भोक 73.1 चं, कुठल्याही गाडीवर बसावं म्हणून मुद्दाम मोठं ठेवलेलं. मधली फट भरायला प्लॅस्टिकची रिंग लागते. ती रिंग माळ्यावरच राहिली होती. "तशी काही लागत नाही," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजातही थरथर होती, पण ती स्टिअरिंगची असावी.

खंबाटकी घाट चढताना डावीकडे एक खड्डा आला. मेहुणा "वर!" म्हणाला, मागचे तिघे शिस्तीत वर गेले, पण चाक खाली गेलं. धाड. माझ्या मूळ टायरची भिंत 132 मिलिमीटरची होती, याची 102. खड्ड्याने मारलेला फटका मधल्या तीस मिलिमीटर रबराने खाल्ला असता. तो रबर नव्हता म्हणून रिमने खाल्ला. मागचं डावं चाक बसलं, रिमची कड चपटी झाली.

पायथ्याशी जरा सावली बघून गाडी लावलेली नव्हती, चढावरच थांबलो होतो. मागे ट्रकचे हॉर्न. पंक्चरवाल्याचा पत्ता मिळाला, तो मोटरसायकलवरून पाना आणि जॅक घेऊन आला. चाकाकडे बघून म्हणाला, "चावी द्या."

"कसली?"

"लॉक नट लावलाय ना साहेब. चोरी होऊ नये म्हणून. प्रत्येक चाकाला एक. त्याची चावी लागते."

सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने डोंगराकडे बघितलं. "चावी घरी आहे. नीट ठेवलीये. देवघराच्या ड्रॉवरमध्ये."

"म्हणजे चोराला जमणार नाही," पंक्चरवाला शांतपणे म्हणाला, "आणि तुम्हाला पण नाही."

सासूबाईंनी आपल्या मुलाला एवढंच विचारलं, "देवघरात पाना ठेवतोस?"

पुढचं काम बघण्यासारखं होतं. पंक्चरवाल्याने पिशवीतून पान्याची एक जुनी गोटी (सॉकेट) काढली, लॉक नटपेक्षा किंचित लहान. ती नटवर धरली आणि घण घातला. दोन, तीन, चार. गोटी नटवर चिमटून बसली. मग लांब पाइप पान्यात घालून त्यावर तो उभा राहिला. कर्रर्र. नट निघाला, तोंड पार सोललेलं, आणि गोटीसुद्धा त्यात अडकली ती अडकलीच. "गोटीचे वेगळे," तो म्हणाला. चोर येतो तेव्हाही असंच काढतो का, असं मुलाने विचारलं. "चोर गाडी नेतो," तो म्हणाला, "चाकं कशाला काढत बसेल?"

स्टेपनी चौदाची लावली. पण आलॉयचे नट स्टीलच्या रिमला चालेनात. मूळचे नट? तेही घरी. म्हणजे माझ्या घरी, शेल्फवर, जुन्या चाकांबरोबर. पंक्चरवाल्याने आपल्याकडचे चार नट दिले, त्याचेही वेगळे. आता सतराचं चपटं झालेलं चाक मागे डिकीत ठेवायचं. चौदाच्या जागेत 205 चा टायर उतरला खरा, पण वर चाळीस मिलिमीटर राहिला. त्यावरची पाटी बसेना, पाटी बसेना म्हणून बॅगा बसेनात. बॅगा, नैवेद्याचा डबा आणि भंडाऱ्याची पुडी मागच्या तिघांच्या मांडीवर आली. आणखी वजन. खर्र.

गाडी एका बाजूला झुकलेली, मागे एक चाक चौदाचं आणि एक सतराचं. महामार्ग सोडून वळलो, पालीला पोहोचलो. "येळकोट येळकोट" म्हणताना सासूबाईंनी देवाकडे काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण परत निघताना त्या म्हणाल्या, "मी एसटीने येते. तिची चाकं एकाच मापाची असतात."

घरी आल्यावर सतराची चाकं सन्मानाने मेहुण्याच्या माळ्यावर गेली. मग मी ग्लोव्ह बॉक्समधल्या टोलच्या पावत्या, पीयूसी आणि एका हरवलेल्या मोज्याखालून गाडीचं मॅन्युअल काढलं. कंपनीने छापलेलं, प्लॅस्टिकच्या वेष्टणात, एकदाही न उघडलेलं. त्यात लिहिलं होतं की याच गाडीच्या वरच्या मॉडेलला 185/65 R15 येतात. मुलाने वही उघडली. 185 चे 65 टक्के 120.25, दुपटीने 240.5, पंधरा इंचांचे 381. एकूण 621.5. माझ्या चौदापेक्षा फक्त दोन मिलिमीटर जास्त. काटा तसाच, मीटर तसाच, घासाघीस नाही, वकिलांच्या कलमाची भीती नाही. रिम कंपनीचंच घेतलं की पीसीडी, ऑफसेट, मधलं भोक सगळं मुळातलंच.

तीच लावली. पंधरा इंची, चांदीच्या रंगाची, साधी.

प्रतिक्रिया एकमुखी आल्या. ऑफिसातला सहकारी म्हणाला, "एवढंच?" काका टॉर्च घेऊन आले, तारीख बघितली आणि ताजी निघाल्याने निराश होऊन गेले. वकील म्हणाले, "यात केस होणार नाही." मेहुणा अजून म्हणतो की चूक खड्ड्याची होती. गाडी आता घोरत नाही, थरथरत नाही, आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. बरोबर मापाचा हाच दोष आहे, ते कुणाच्या नजरेत भरत नाही. म्हणूनच बरोबर माप कंपनीला दारावर स्टिकर लावून सांगावं लागतं, आणि चुकीचं माप लोक घरी येऊन फुकट सांगतात.

तेव्हा वाचकहो, एक करा. चाकं बदलायची हौस आली की आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. खांबावर स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब छापलेला असतो. तो वाचा. मग मॅन्युअल उघडा, तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला काय दिलंय ते बघा आणि तिथेच थांबा. त्यानंतर शेजारी, सहकारी, मेहुणे, सगळ्यांचे सल्ले खुशाल ऐका, चहाही पाजा. आणि लॉक नट लावलेच असतील तर त्यांची चावी देवघरात ठेवू नका, गाडीत ठेवा.